अकरा मिनिटांत दुरुस्त झालेलं सरकारी पत्र

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना लाज जरा कमी वाटेल. १,२४,१०० रुपये, शूटिंगच्या खोट्या कामापायी गेलेले. तीन वेळा दिले, तिन्ही वेळा माझ्याच फोनवरून, माझ्याच बोटाने पिन टाकून.

जंगलात अन् गावखेड्यांत कॅमेरा घेऊन फिरायला लागून मला चौदा वर्षं झाली. माहितीपट, संस्थांच्या फिल्म, मासिकांचे फोटो, आणि घर चालायला लग्नं. म्हणजे काल कॅमेरा घेतलेला पोरगा नाही मी. हॉलीवूडच्या नावाने फोटोग्राफरांना इंडोनेशियात बोलावून त्यांच्याकडून ड्रायव्हरचे, परवान्याचे पैसे उकळणारा माणूस २०२० मध्ये मँचेस्टरला पकडला गेला, ती बातमी आमच्या कॅमेरावाल्यांच्या ग्रुपवर मीच टाकली होती. खाली लिहिलं होतं, "एवढे शिकलेले लोक फसतात तरी कसे बे?" तो मेसेज अजून तिथेच आहे. काल एकाने त्यालाच रिप्लाय करून हात जोडलेला इमोजी टाकला.

पहिला फोन आला २०२४ च्या मारबतीच्या, म्हणजे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मिरवणुकीच्या दिवशी. दिवसभर काळी-पिवळी मारबत अन् बडगे, म्हणजे मिरवणुकीतले पुतळे, शूट करून, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" कानात घुमत असताना घरी आलो, कार्ड कॉपीला लावलं, अन् पिडेचा फोन वाजला. हिंदीत बोलत होता, अतिशय नम्र. विदेशी चॅनलसाठी माहितीपट, लाइन प्रोड्युसर, म्हणजे शूटिंगची व्यवस्था बघणारा, मुंबईचा, सेकंड युनिटला, म्हणजे दुसऱ्या तुकडीला, स्थानिक कॅमेरामन पाहिजे. विषय काय, तर राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो तिथे जनावरांसाठी रस्त्याखालून सोडलेल्या वाटा. या विषयावर मी तीन वर्षं स्वतःच्या खर्चाने फुटेज जमवतोय. मला वाटलं, अखेर कुणाला तरी माझं काम दिसलं. दिसलंच होतं म्हणा. त्याने माझंच इन्स्टाग्राम मला वाचून दाखवलं.

४ ते १५ ऑक्टोबर, बारा दिवस, कॅमेरा-लेन्ससकट दिवसाचे २५,००० रुपये. तीन लाखांचं काम! १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद, पावसात लग्नं नाहीत, आणि २००-६०० च्या लेन्सचा हप्ता महिन्याला ९,८४०. ज्याने असे तीन महिने काढलेत त्यानेच मला हसावं, बाकीच्यांनी हसू नये.

शिवाय त्याने आधी पैसे दिले. हो, चोराने मला पैसे दिले. टोकन म्हणून १५,००० ठरले होते, खात्यात आले १३,५००. विचारलं तर म्हणे, सर, दहा टक्के टीडीएस कापला. टीडीएस कापणारा चोर असेल असं कुणाच्या बापाला वाटेल? उलट आपले इथले नेहमीचे क्लायंट टीडीएस कापतात अन् भरत नाहीत, ते चोर वाटायचे. पैसे मात्र कुठल्याशा बाईच्या वैयक्तिक खात्यातून आले होते. "प्रॉडक्शन अकाउंटंट हैं सर." बरं. कंपनीचं काम आणि पैसा माणसाच्या नावाने आला की तिथेच थांबायचं, हे आता कळतं.

आता ते पत्र. यावर मी रोज रात्री जागतो.

२१ सप्टेंबर, शनिवार, संध्याकाळी ६ वाजून ४२ मिनिटं. व्हॉट्सॲपवर वनविभागाच्या लेटरहेडवर चित्रीकरणाची परवानगी आली. वर बोधचिन्ह, जावक क्रमांक, खाली निळ्या शाईची सही, डावीकडे जरा कललेला गोल शिक्का. सोबत निरोप, की क्रूमधल्या प्रत्येकाने उपकरणांपोटी ३८,५०० रुपये परतीचं डिपॉझिट भरायचं आहे, आजच. मी पत्र वाचलं. पेंच व्याघ्र प्रकल्प, प्रवेश मोहर्ली गेट.

मोहर्ली! चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाचं गेट. नागपुरातलं शाळेचं पोरगंही सांगेल. मी लगेच फोन केला. तो हसला. "अरे सर, क्लर्क लोगों का काम आप जानते ही हो, अभी करेक्ट करवाता हूँ." ६ वाजून ५३ मिनिटांनी दुसरं पत्र आलं. आता सिल्लारी गेट. अन् मी, चौदा वर्षांचा अनुभवी माणूस, मनात म्हणालो, वा, काय वट आहे याची!

अकरा मिनिटं. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवारी संध्याकाळी त्या इमारतीत पंखासुद्धा चालू नसतो. सोमवारी दुपारी समोर उभं राहून हात जोडले तरी जे पत्र अकरा दिवसांत दुरुस्त होणार नाही, ते सुटीच्या दिवशी अकरा मिनिटांत झालं. नंतर दोन्ही पत्रं लॅपटॉपवर एकावर एक ठेवून पाहिली. तोच जावक क्रमांक, तीच सही, शिक्का त्याच कोनात कललेला, शाई त्याच जागी तुटलेली. क्षितिजाची रेघ अर्धा अंश वाकडी असली तर मला झोप लागत नाही, आणि हे दिसलं नाही.

दिसलं नाही असं नाही. बघायचं नव्हतं.

आणि वनभवन, वनविभागाचं मुख्य कार्यालय, कुठे आहे? सिव्हिल लाइन्सला. माझ्या घरून, रविनगरहून, स्कूटरने दहा मिनिटं. लोक मुंबई-पुण्याहून तिथे खेटे घालायला येतात. बायको म्हणालीसुद्धा, "अहो, सोमवारी एकदा जाऊन विचारून या ना, जवळच तर आहे." मी तिला म्हणालो, तुला या लाइनमधलं काही कळत नाही. हे वाक्य मला महाग पडलंय, पैशांपेक्षा जास्त. शूटिंगची परवानगी प्रॉडक्शनने काढायची असते, डिपॉझिटही त्यांनीच भरायचं असतं. कॅमेरामनच्या खिशातून डिपॉझिट मागितलं, की समजा तुमचा खिसाच त्यांचं लोकेशन आहे.

एकदा ३८,५०० गेल्यावर पुढचं सोपं होतं. सोमवारी उपकरणांचा विमा, २१,६००. पॉलिसी मागितली तर "जनरेट हो रही है सर". गुरुवारी जिप्सी, म्हणजे सफारीची गाडी, आणि होमस्टेचे ६४,०००, "वेंडर को आप दे दीजिए, बिल में जोड़ लेना". जिप्सी गेटवर नंबराने लागते, हे मला माहीत आहे. आगाऊ पैसे घेऊन बारा दिवस कुणी एक जिप्सी बांधून देत नाही, हेही माहीत आहे. दिले तरी. मधल्या काळात दसऱ्याचं दीक्षाभूमीचं काम सोडलं, दरवर्षीचं, आणि ते ज्या पोराला दिलं त्याला वर सल्लेही दिले.

२९ तारखेला रविवारी सिल्लारीच्या ओळखीच्या जिप्सीवाल्याला सहज फोन लावला, म्हटलं चार तारखेला भेटू. तो म्हणाला, "दादा, कोणतं शूटिंग? इथं तं कोणालेच काही माहीत नाही." मुंबईवाल्याचा नंबर तेव्हापासून बंद.

१९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, त्याच रात्री तक्रार नोंदवली. ज्याला फसवलं गेल्याचं आत्ता, या मिनिटाला कळतंय त्याने हे वाचणं सोडून आधी तिथे फोन करावा. पैसा पहिल्या काही तासांतच अडवता येतो. माझे गेल्याला तीन ते आठ दिवस झाले होते, पुढच्या खात्यांतून कधीच निघून गेले होते.

बँकेत साहेबांनी रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक समोर धरलं. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, पण व्यवहार तुमच्या नकळत झाला असेल तर. "तुम्ही तर पिन टाकला ना?" टाकला. "मग झालं." चहाही विचारला नाही, पण विम्याची स्कीम विचारली.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "कॅमेरा चोरीला गेला का?" नाही. "मग गेलं काय?" समजावून सांगितलं. बाजूचा हसला, "म्हणजे वाघ दाखवतो म्हणून पैसे घेतले." मग हद्द निघाली. फोन मुंबईचा, खातं परराज्यातलं, आणि पेंच पडतं ग्रामीणमध्ये, तर तिकडे जा. अरे, जंगलात गुन्हा झालाच नाही, मी जंगलात गेलोच नाही, हीच तर तक्रार आहे! नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ मोबाइलवर काढून दाखवलं, हद्द न बघता तक्रार घ्यावी लागते म्हणून. त्यावर "वकील आहात का?" दोन तास बसवून साधा अर्ज घेतला, पोच द्यायला आणखी एक चक्कर. पोच सोडू नका. शिक्का, तारीख, सही बघूनच बाहेर पडा. आता शिक्का कसा बघायचा ते मला येतं.

वाटलं, एवढ्यावर संपलं. ऑक्टोबरच्या शेवटी पेट्रोल पंपावर पेमेंट होईना. तीनदा केलं. मागे हॉर्न. शेवटी तिथल्या पोराने, "राहू द्या काका, नंतर द्या" म्हणून बाजूला घेतलं. खातं गोठवलेलं. मला टोकन म्हणून आलेले १३,५०० रुपये कुठल्यातरी परराज्यातल्या दुसऱ्या फसलेल्या बाईचे होते. ती "अकाउंटंट" म्हणजे तीच बिचारी. तिने वेळेत तक्रार केली, आणि पैसा शोधत यंत्रणा पोचली कुणापर्यंत, तर माझ्यापर्यंत. चोराचं खातं अडवायला ज्यांना आठवडा पुरला नाही, त्यांनी माझं एका फटक्यात बंद केलं. लेन्सचा हप्ता परत गेला, त्याचा दंड ५९० वेगळा.

बँक म्हणते, तिथल्या तपास अधिकाऱ्याचं ना-हरकत पत्र आणा. तिकडे तीन ईमेल आणि एक रजिस्टर पोस्ट गेलं. परवा उत्तर आलं, एका ओळीचं: ही रक्कम आपल्याला कोणत्या कामापोटी मिळाली, त्याचा कागदोपत्री पुरावा जोडा.

माझ्याकडे कागद दोनच आहेत. मोहर्लीवाला आणि सिल्लारीवाला. दोन्ही जोडले.