एक्सेलसियर, लोस्टॉफ्ट : यूकेत शिकायला गेलेल्या प्रत्येकाने करावी अशी सफर

कोथरूडमधल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी सध्या यूकेला मास्टर्स करतंय म्हणून हे मुद्दाम लिहितेय. लंडन, एडिंबरा सगळेच करतात, पण जमलं तर इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोस्टॉफ्टला जाऊन एक्सेलसियर या जुन्या शिडाच्या जहाजावर एक सफर करा. मी नॉर्विचला शिकत होते, तिथून ट्रेनने पाऊण तासाचा प्रश्न.

हे जहाज १९२१ साली लोस्टॉफ्टमधेच बांधलं, तेही मासेमारीसाठी. त्या काळात वाफेवरची जहाजं सर्रास होती तरी हे शिडांवर चालायचं आणि मागे समुद्राच्या तळावरून जाळं ओढत न्यायचं. असं जाळं ओढायचं म्हणजे ताकद हवी, म्हणून बांधणी जड आणि शिडं अवाढव्य. असल्या जहाजांवर जेमतेम पाच माणसं असायची आणि त्यात स्वयंपाकाला एक पोरगा. तीसच्या दशकात ते नॉर्वेला विकलं गेलं, तिथे त्याचं मालवाहू जहाज झालं, मग सत्तरच्या दशकात ते परत लोस्टॉफ्टला आणलं आणि पुढे मूळ रूपात पुन्हा उभं केलं. आता एक ट्रस्ट ते चालवतो आणि तरुण मुलामुलींना त्यावर समुद्रावरचं काम शिकवतात.

शिकवतात म्हणजे खरंच शिकवतात हो. पुण्याजवळच्या एका अ‍ॅडव्हेंचर कॅम्पला मी कॉलेजात असताना गेले होते, नाव घेत नाही, तिथे लाइफ जॅकेट घालून धरणात एक चक्कर, फोटो, सर्टिफिकेट, संपलं. इथे पाहुणा म्हणून कोणी नसतंच. मुख्य शीड चढवायचं तर त्याच्या वरच्या कडेला एक जाडजूड तिरकी काठी असते, गॅफ म्हणतात, तिला दोन दोर, एक डोलकाठीजवळच्या टोकाला आणि एक बाहेरच्या टोकाला, आणि दोन्हीकडच्या पोरांनी एकाच लयीत ओढायचं, काठी वर जाईपर्यंत आडवी राहिली पाहिजे. एक बाजू पुढे गेली की काठी वाकडी होते, अडकते, मग मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालची अधिकारी, ओरडून थांबवते, मागे राहिलेल्यांनी गाठायचं आणि पुन्हा सुरू. जोरबैठका मारणारे दोन पोरगे होते आमच्यात, त्यांना सगळ्यात जास्त वेळा थांबवलं. एकट्याने करण्यासारखं त्या जहाजावर जवळजवळ काहीच नाही आणि मला वाटतं हे मासेमारीचं जहाज आहे म्हणूनच तसं आहे, ते मुळात दाखवायला बांधलेलंच नाही.

शिडांचा तांबूस तपकिरी रंग तुम्ही फोटोत बघालच. जुन्या काळी कापड कुजू नये म्हणून तिकडचे कोळी शिडं आणि जाळी काथाच्या पाण्यात उकळायचे. आपल्या पानातला काथ, खैराचा, तो भारत आणि ब्रह्मदेशातून जायचा तिकडे! हे कळल्यावर मी त्या शिडाला हात लावून बघितला आणि घरी आजीला फोन केला, ती दोन मिनिटं काथाबद्दलच बोलत होती.

रात्रीचे पहारे लावतात, आणि मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. मध्यरात्री उठवलं की पुढे उभं राहून दिवे बघायचे, कुठला बोयाचा (पाण्यात तरंगती ठेवलेली खूण), कुठला दुसऱ्या जहाजाचा, लाल दिसतोय का हिरवा म्हणजे त्याची कुठली बाजू आपल्याकडे आहे, आणि दिसलं ते मोठ्याने सांगायचं. त्या किनाऱ्याला वाळूचे दांडे भरपूर आहेत त्यामुळे हे काम नुसतं प्रॅक्टिससाठी नाही, तुमच्या सांगण्यावर सुकाणू धरणारा अवलंबून असतो. बावीस वर्षांत माझ्यावर कोणी एवढा विश्वास टाकला नव्हता, खरंच.

लागणार काय ते सांगते. नॉर्थ सीवर उन्हाळ्यातही गारठा असतो, लोणावळ्याच्या पावसाळ्यातलं जॅकेट चालणार नाही, थर्मल आणि लोकरीची टोपी घ्याच. समुद्र लागतो, गोळी निघायच्या आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. मी शाकाहारी, फॉर्म भरतानाच लिहिलं होतं, भाजी-भात-सूप व्यवस्थित मिळालं. पैशाची अडचण असेल तर बुक करताना काही मदत मिळते का ते विचारा, लाजू नका, हे धंद्यासाठी चालवलेलं जहाज नाही. आणि चाकाची सुटकेस हॉस्टेलवरच ठेवा, मऊ सॅकच न्या, बंकखाली तेवढंच मावतं.