नमपायमधील आर्गसॉर्ट: वेळ आणि पाऊस एकत्र लावताना आलेला आठ महिन्यांचा अनुभव

मुंबईतील पर्जन्य जलवाहिन्यांच्या अभ्यासासाठी पावसाच्या आणि भरतीच्या नोंदी तपासणे हे माझे रोजचे काम आहे. प्रत्येक पर्जन्यमापकाकडून आमच्याकडे दोन अ‍ॅरे (ओळीने मांडलेल्या किमतींच्या याद्या) येतात, एक वेळेचा आणि दुसरा त्या वेळेच्या मोजणीचा. मापक मोबाइल नेटवर्कवरून नोंदी पाठवतो आणि भर पावसात नेटवर्क गेले की त्या अडकून राहतात, नंतर उशिरा व उलटसुलट क्रमाने येतात. त्यामुळे वेळेप्रमाणे क्रम लावणे ही आमची पहिली पायरी असते आणि तो लावताना मोजणी आपल्या वेळेपासून सुटू नये ही पहिली अट असते. हे काम आम्ही गेले आठ महिने पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नमपाय या लायब्ररीतील (तयार फंक्शनांच्या संचातील) आर्गसॉर्ट या फंक्शनने करत आहोत.

आधी हे सांगितले पाहिजे की नमपायमध्ये 'हे दोन अ‍ॅरे जोडीने सॉर्ट कर' असे एकच फंक्शन नाही. सॉर्ट फक्त एका अ‍ॅरेला क्रम लावते आणि शेजारच्या अ‍ॅरेची त्याला कल्पनाही नसते. सुरुवातीच्या आठवड्यात मी वेळेच्या अ‍ॅरेवर थेट सॉर्ट चालवले आणि मोजणीचा अ‍ॅरे तसाच राहिला. प्रोग्रॅमने एकही तक्रार केली नाही. दिवसभराचा एकूण पाऊस बरोबर आला, सर्वाधिक नोंद बरोबर आली, नोंदींची संख्याही जुळली, कारण जोड्या तुटल्या तरी बेरीज आणि कमाल आकडा बदलत नाहीत. आमच्या सर्व तपासण्या नेमक्या याच तीन गोष्टींच्या होत्या.

चूक पकडली ती कार्यालयातील आमच्या ज्येष्ठ सहकारी ताईंनी, आणि तीही आलेख नुसता पाहून. त्या म्हणाल्या, "अहो, हिंदमाताला पाणी भरलं ते दुपारी, आणि तुमचा पाऊस संध्याकाळी कसा पडतोय?" हिंदमाता हा दादरचा नेहमी पाणी तुंबणारा सखल भाग. मूळ फाइल उघडल्यावर उलगडा झाला. त्या मापकाचे नेटवर्क सकाळी अकराला गेले आणि दोनला आले. परत आल्यावर त्याने आधी चालू नोंदी पाठवल्या आणि अडकलेल्या तीन तासांच्या नोंदी संध्याकाळी शेवटी पाठवल्या. जोरदार पाऊस त्याच तीन तासांतला होता. वेळा तेवढ्या क्रमाने लागल्या आणि फाइलच्या शेवटी असलेला दुपारचा पाऊस संध्याकाळच्या वेळांना चिकटला. भरती साडेचार मीटरच्या वर जाणार असेल तेव्हा पाऊस कोणत्या तासात पडला यावरच पाणी तुंबणार की ओसरणार हे ठरते. त्या हिशेबात अशी सरक म्हणजे सगळा अभ्यासच चुकीचा.

नव्या सहकाऱ्यांना हे समजावताना मी २००५ चे आकडे वापरतो. २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला आणि कुलाब्याला फक्त ७३ मिमी. नावे अदलाबदल केली तरी बेरीज १०१७ च राहते, मात्र शहर वेगळे होते.

आर्गसॉर्ट क्रम लावत नाही, तो क्रम सांगतो. वेळेचा अ‍ॅरे दिला की त्यातील कोणता घटक पहिला, कोणता दुसरा, याच्या इंडेक्सचा, म्हणजे जागेच्या क्रमांकांचा, अ‍ॅरे मिळतो आणि तोच आपण वेळेलाही लावायचा, मोजणीलाही लावायचा. पहिल्या महिन्यात मला हा वळसा वाटत होता. आज माझे मत पूर्ण बदलले आहे. क्रम ही स्वतंत्र वस्तू म्हणून हातात असल्यामुळे तो जतन करता येतो, तिसऱ्या-चौथ्या अ‍ॅरेलाही लावता येतो, आणि उलटवून मूळ जागी परतही जाता येते. दुरुस्त केलेल्या नोंदी आम्हाला ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने परत द्याव्या लागतात. त्या वेळी उलटा क्रम एका ओळीत काढता येतो. मूळ अ‍ॅरे न हलवता शोध घ्यायचा असेल तर सर्चसॉर्टेड या शोधाच्या फंक्शनला सॉर्टर म्हणून हाच क्रम देता येतो. ही सोय फार थोड्या लोकांना माहीत असते, तिचा प्रचार व्हायला हवा.

आता तक्रारीची मोठी बाब. आर्गसॉर्टची मूळ पद्धत क्विकसॉर्ट या नावाने चालते, आतून ती इंट्रोसॉर्ट (क्विकसॉर्टचाच सुधारित प्रकार) आहे, आणि ती स्थिर नाही. म्हणजे दोन वेळा सारख्याच असतील तर त्यांतली आधी आलेली नोंद आधीच राहील याची हमी नाही. आमच्या मापकाची वेळ मिनिटापर्यंतच असते आणि मुसळधार पावसात एकाच मिनिटाच्या दोन नोंदी सर्रास येतात. शिवाय काही मापकांची मोजणी चढती असते (आधीच्या आकड्यात नवा पाऊस मिळत जातो): मापकातली छोटी बादली एकदा कलंडली की आकडा ०.२ मिमीने वाढतो. एका मिनिटात ४१.२ आणि मग ४१.८ अशा नोंदी होत्या, त्या सॉर्टनंतर ४१.८ आणि ४१.२ अशा उलट झाल्या. फरक ऋण आला. ऋण फरक दिसला की मापक शून्यापासून नव्याने सुरू झाला असे आमचा कोड धरत असे. त्यामुळे त्याने ४१.२ हा पूर्ण आकडा नवा पाऊस म्हणून मिळवला आणि एका मिनिटात ४१.२ मिमी पाऊस कागदावर पडला.

सर्वांत जास्त वेळ गेला तो ही चूक लहान नमुन्यावर दिसत नसल्यामुळे. दहा ओळींची चाचणी मी पुन्हा पुन्हा चालवली आणि दर वेळी क्रम बरोबर आला. कारण असे की नमपायचा हा क्विकसॉर्ट सोळा-सतरा घटकांपर्यंतचा तुकडा इन्सर्शन सॉर्ट या साध्या पद्धतीने लावतो आणि इन्सर्शन सॉर्ट स्थिर असतो. हजारो नोंदींवर ही कृपा राहत नाही. त्यात नमपायच्या १.२५ या आवृत्तीपासून एव्हीएक्स-५१२ (एकाच वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचना) असलेल्या प्रोसेसरवर आर्गसॉर्टसाठी वेगळा, अधिक वेगवान मार्ग आला आहे. माझ्या लॅपटॉपवरचा आणि कार्यालयाच्या सर्व्हरवरचा निकाल सारख्या वेळांच्या नोंदींपुरता निराळा का येत होता, हे ते समजल्यावरच लक्षात आले. उपाय सोपा आहे. आर्गसॉर्टच्या काइंड या, पद्धत निवडण्याच्या पर्यायात 'स्टेबल' (स्थिर) लिहायचे. ही सोय १.१५ पासून आहे, आणि २.० पासून स्टेबल हा वेगळा पर्यायही मिळाला आहे. पण जोडीच्या कामात स्थिरता ही गरज आहे, चैन नाही, आणि ती मागून घ्यावी लागते ही गोष्ट मला आजही पटत नाही. कोणी म्हणेल की पांडाज ही तक्त्यांसाठीची लायब्ररी वापरा, तिथे पूर्ण ओळ एकत्र हलते. खरे आहे, जोडी तिथे तुटत नाही. मात्र एका स्तंभावर सॉर्ट करताना तिथेही मूळ पद्धत क्विकसॉर्टच आहे.

अनेक मापकांच्या नोंदी एकत्र असतील तर आधी मापक क्रमांक आणि मग वेळ असा क्रम हवा असतो. त्यासाठी नमपायचे लेक्ससॉर्ट आहे, ते स्थिर आहे आणि उत्तम चालते, फक्त त्यात शेवटी दिलेली 'की' (ज्यावर क्रम लावायचा तो अ‍ॅरे) मुख्य मानली जाते. मापक आधी हवा असेल तर तो शेवटी लिहायचा. आठ महिन्यांनंतरही ती ओळ लिहिताना मी क्षणभर थांबतो.

आम्ही वापरतो त्या आर्गसॉर्टमध्ये उतरत्या क्रमासाठी पर्याय नाही ही दुसरी मोठी उणीव. निकाल उलटा केला तर सारख्या किमतींचा आपापसातला क्रमही उलटतो. आकड्यांना ऋण करून सॉर्ट करावे तर चिन्हरहित (ऋण किंमत न घेणाऱ्या) पूर्णांकांत घोटाळा होतो: शून्य शून्यच राहते आणि उतरत्या यादीत सर्वांत वर येऊन बसते. आम्ही आता मूळ अ‍ॅरे उलटवून त्याचा स्थिर क्रम काढतो, तो क्रम पुन्हा उलटवतो आणि त्यातला प्रत्येक इंडेक्स शेवटच्या इंडेक्समधून वजा करतो. हे बरोबर चालते, पण दर वेळी नव्या माणसाला समजावून सांगावे लागते.

लांबीचा प्रश्न वेगळाच आहे. मोजणीचा अ‍ॅरे वेळेपेक्षा आखूड असेल तर इंडेक्स लावताना त्रुटी येते, ते ठीक. पण तो लांब असेल तर जास्तीच्या नोंदी गुपचूप गळतात. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रणालीत कीज (ज्यांवर क्रम लावायचा) आणि आयटम्स (सोबत हलणारे) असे दोन अ‍ॅरे एकत्र सॉर्ट करणारे तयार फंक्शन आहे. तिथेही कीज जास्त असतील तरच त्रुटी येते, आणि तो सॉर्टही स्थिर नाही. म्हणून लांबी जुळते का हे आम्ही सॉर्टच्या आधी स्वतः तपासतो. वेळ नसलेल्या नोंदी नमपायच्या १.१८ पासून शेवटी जातात आणि त्यांची मोजणी त्यांच्यासोबत जाते, हे वर्तन मला योग्य वाटते. त्या किती आहेत हे मात्र आधी मोजून ठेवावे.

भरतीच्या बाबतीत एक सावधगिरी. दिवसातल्या दोन भरती आणि दोन ओहोटी यांच्या मधल्या वेळेची पातळी काढण्यासाठी आम्ही नमपायचे इंटर्प हे फंक्शन वापरतो. त्याला चढत्या वेळा लागतात, पण त्या तशा आहेत का हे तो स्वतः तपासत नाही आणि अर्थहीन आकडे निमूटपणे देतो. म्हणून इंटर्पच्या आधी सलग फरक काढून ते सर्व धन आहेत ना हे पाहणारी ओळ आमच्या कोडमध्ये कायमची बसली आहे.

वेगाबद्दल तक्रार नाही. स्मृतीचा हिशेब मात्र ठेवावा लागतो: ६४-बिट संगणकावर प्रत्येक इंडेक्स ८ बाइट घेतो, म्हणजे एक कोटी नोंदींच्या क्रमालाच ८० एमबी लागतात, आणि क्रम लावताना प्रत्येक अ‍ॅरेची नवी प्रत बनते ती वेगळी.

गेल्या महिन्यात आम्ही मागच्या पावसाळ्याच्या सर्व नोंदी स्थिर क्रमाने नव्याने लावल्या, लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर स्वतंत्रपणे, आणि दोन्हीकडचे इंडेक्स एकेक करून ताडून पाहिले. एकही फरक निघाला नाही. ताईंनी तो हिंदमाताचा आलेख पुन्हा मागवून घेतला, दुपारच्या तीन तासांवर बोट ठेवले आणि फाइलवर सही केली.