वाळवीचे पेस्ट कंट्रोल: सहकारनगरमधील एका बंगल्यातील कामाचा अभिप्राय

सहकारनगरमधील आमच्या बैठ्या बंगल्याला वाळवी लागल्याचे लक्षात आल्यावर गेल्या पावसाळ्याआधी आम्ही पुण्यातीलच एका लहान पेस्ट कंट्रोल संस्थेकडून संपूर्ण घराचा उपचार करून घेतला. त्यानंतर एक पावसाळा आणि एक हिवाळा उलटला आहे, त्यामुळे त्या कामाविषयी आता जबाबदारीने काही लिहिता येईल. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या व्यवसायात एकाच संस्थेची दोन पथके अगदी वेगळ्या दर्जाचे काम करू शकतात, आणि वाचकाला नावापेक्षा काम पारखायचे कसे हे कळण्याचा उपयोग अधिक आहे. माझे मत आधीच सांगतो. औषध बहुतेक सगळ्यांकडे तेच असते. फरक पडतो तो तपासणीत आणि मोजूनमापून केलेल्या कामात, आणि या दोन्ही बाबतींत या मंडळींचे काम चोख होते.

आम्ही तीन ठिकाणांहून अंदाजपत्रके मागवली होती. दोघांनी घर न पाहताच चौरस फुटामागे दर सांगितला आणि येण्याची तारीखही देऊ केली. तिसऱ्या संस्थेचे गृहस्थ मात्र हातात बॅटरी आणि पेचकस घेऊन आले आणि दर सांगण्याआधी घराच्या आतून-बाहेरून पूर्ण फेरी मारली. बाथरूमच्या दाराची चौकट त्यांनी पेचकसाच्या मुठीने खालपासून वरपर्यंत ठोकत नेली. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत आवाज पोकळ येत होता आणि त्याच्या वर तो भरीव झाला. खालच्या भागात पेचकसाचे टोक जरासे दाबताच ऑइलपेंटचा पापुद्रा आत गेला आणि मागे लाकडाऐवजी ओलसर माती दिसली. पुस्तकांच्या कपाटामागे, जिथे जुन्या दिवाळी अंकांची चळत भिंतीला टेकून ठेवलेली होती, तिथे मातीची बोटाएवढी रुंद नळी स्कर्टिंगपासून वर चढलेली होती. त्यांनी तिचा लहानसा तुकडा फोडला, तेव्हा आत फिकट पांढऱ्या कामकरी वाळव्यांची लगबग चालू असलेली स्पष्ट दिसली, म्हणजे ती नळी वापरातली होती.

ही नळी वाळवी का बांधते, हे त्यांनी ज्या सोपेपणाने समजावले ते मला महत्त्वाचे वाटते. कामकरी वाळवीचे कातडे इतके पातळ असते की उघड्या हवेत ती लवकर सुकून मरते. म्हणून जमिनीतली ओल सोबत घेऊनच ती वर येते, आणि म्हणूनच घरातली ओल शोधल्याशिवाय वाळवीचा बंदोबस्त अर्धवट राहतो. बाथरूमच्या भिंतीत नळाची गळती होती आणि मागच्या बाजूला गुलाबाच्या वाफ्याची माती जोत्याच्या वरपर्यंत चढलेली होती. ‘काका, आधी प्लंबर बोलवा, माती खाली घ्या, मग आम्ही ड्रिल लावू,’ असे सांगून ते निघून गेले. हातात आलेले काम पुढे ढकलण्याची ही तयारी पाहूनच आम्ही त्यांची निवड केली.

त्याच फेरीत आणखी एक गोष्ट निघाली. आतल्या खोलीतील सागवानी दिवाणाखाली बारीक भुसा पडत होता आणि आम्ही तोही वाळवीच्याच खात्यात धरला होता. त्यांनी तो भुसा चिमटीत घेऊन चोळला, तर तो मैद्यासारखा गुळगुळीत निघाला, आणि फळीवर मिलिमीटर-दीड मिलिमीटरची गोल छिद्रे दिसली. हे काम वाळवीचे नव्हे, तर लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे, ज्याला व्यवसायात बोरर किंवा पावडर-पोस्ट बीटल म्हणतात, त्याचे होते. याची अळी लाकडाच्या आतच वाढते, मातीशी तिचा संबंध नसतो आणि तिला लाकडातील पिष्टमय अंश हवा असतो. त्यामुळे ती सागाच्या फळीच्या बाहेरच्या पांढुरक्या भागाला लागते; आतला गडद, पक्का भाग सहसा शाबूत राहतो. आपले दिसणारे छिद्र हे प्रौढ भुंगेरा बाहेर पडल्याचे असते, आत अजून किती अळ्या आहेत हे त्यावरून कळत नाही. कोरड्या लाकडातच राहणारी वाळवीही एक असते आणि तिची विष्ठा खसखशीएवढ्या, पैलूदार, कडक दाण्यांच्या रूपात पडते, तेव्हा भुसा हाताला कसा लागतो हे पाहणे खरोखर निर्णायक ठरते. दिवाणासाठी फरशीत एकही छिद्र पाडण्याची गरज नव्हती. खालच्या बाजूचे पॉलिश घासून काढून, कारण पॉलिशमधून औषध मुरत नाही, उघड्या लाकडाला बोररचे औषध दोन वेळा लावले आणि छिद्रांत सिरिंजने भरले. एक पट्टी इतकी पोखरलेली होती की ती बदलण्याचाच सल्ला मिळाला आणि तो आम्ही मानला.

आता मुख्य कामाविषयी. आधी बांधलेल्या इमारतींच्या वाळवी-उपचारासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ६३१३, भाग ३ हे मानक आहे. त्यानुसार भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे १२ मिलिमीटर व्यासाची छिद्रे सुमारे ३०० मिलिमीटर अंतरावर पाडून प्रत्येकात साधारण एक लिटर द्रावण सोडायचे असते. लाकडी चौकट भिंतीला जिथे टेकते तिथे सुमारे ६ मिलिमीटरची, खाली उतरती छिद्रे १५० मिलिमीटर अंतरावर पाडून लाकूड पिणे थांबेपर्यंत, जास्तीत जास्त अर्धा लिटर, औषध भरायचे असते. आलेल्या कारागिरांनी खडूने खुणा करून टेपने अंतरे मोजली, आणि द्रावण थेट पंपाने न ढकलता आधी खुणेच्या मापाने मोजून मग सोडले. शहाबादी फरशीखालचा मुरूम काही ठिकाणी लिटर सहज पिऊन टाकत होता, तर काही ठिकाणी अर्ध्या लिटरलाच द्रावण वर येत होते. तिथे त्यांनी घाई न करता मुरू दिले आणि थोड्या वेळाने उरलेले भरले. ग्राहक म्हणून जवळ उभे राहून पाहण्यासारखे काही असेल तर ते हेच, कारण छिद्रे बुजवल्यावर आत किती औषध गेले हे कोणालाच सांगता येत नाही. बाहेरच्या बाजूनेही जोत्यालगतच्या फरसबंदीत त्याच अंतराने छिद्रे घेतली आणि वाफ्याच्या बाजूला माती उकरून जोत्याच्या कडेने द्रावण ओतले.

औषध इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी, म्हणजे पाण्यात मिसळून वापरायचे दाट द्रवरूप कीटकनाशक होते, लिटरभर पाण्यात २.१ मिलिलिटर या प्रमाणात. बाटली आमच्यासमोर उघडली आणि लेबल वाचू दिले. वास जवळजवळ नव्हताच, त्यामुळे शेजारच्या काकूंना औषध पातळ असल्याची शंका आली. पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्लोरपायरिफॉसला उग्र वास येतो आणि त्यामुळे वास म्हणजे ताकद असा समज रूढ झाला आहे, पण त्याला आधार नाही. इमिडाक्लोप्रिड वाळवीला जाणवत नाही, ती त्या मातीतून निर्धास्तपणे जाते आणि अंगावरचे औषध परस्परांना चाटण्या-भरवण्यातून इतरांपर्यंत पोहोचते. म्हणूनच परिणाम दिसायला वेळ लागतो. आमच्याकडेही कपाटामागची नळी लगेच रिकामी झाली नाही. रॉकेल किंवा डांबर लावल्याने समोर दिसणारी वाळवी मरते, पण जमिनीतले वारूळ आणि त्यातील राणी तशीच राहते, शिवाय रॉकेलाने आगीचा धोका वाढतो तो वेगळाच.

सुरक्षिततेच्या बाबतीत त्यांनी स्वतःहून दाखवलेली दक्षता उल्लेखनीय होती. जमिनीखालची पाण्याची टाकी आणि बोअरवेल कुठे आहे हे आधी विचारून त्यांच्या आसपासची छिद्रे वगळली. हे औषध मधमाश्यांना अत्यंत घातक असल्यामुळे फुलावर आलेल्या झाडांवर थेंबही उडणार नाही याची काळजी घेतली, आणि ज्या तुळशीची पाने घरात खाल्ली जातात तिची कुंडी काम होईपर्यंत गच्चीवर नेऊन ठेवायला सांगितली. कारागिरांच्या हातात मोजे आणि तोंडावर मास्क शेवटपर्यंत होते. राज्याच्या कृषी खात्याचा परवाना मागितल्यावर लगेच दाखवला गेला. कीटकनाशक कायदा, १९६८ आणि त्याखालील नियमांनुसार हा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, आणि तो मागण्यात कोणाचाही अवमान नाही.

उणिवाही आहेत आणि त्या लहान नाहीत. छिद्रे पांढऱ्या सिमेंटने बुजवल्यामुळे काळसर शहाबादीवर सगळ्या खोल्यांत पांढऱ्या ठिपक्यांची रांग उमटली. सिमेंटमध्ये फरशीच्या रंगाची पूड मिसळणे सहज शक्य होते. स्वयंपाकघरातील एका फरशीचा कोपरा ड्रिलच्या हादऱ्याने उडाला आणि तो बदलून मिळाला नाही. कामाच्या अहवालात औषधाचे नाव होते, पण बॅच क्रमांक, मुदत आणि एकूण किती लिटर द्रावण वापरले याची नोंद नव्हती, ती आग्रह धरल्यावर मिळाली. पावसाळ्यानंतरच्या पाहणीसाठी ठरलेली तारीख टळली आणि वारंवार फोन करावे लागले, तेव्हा कुठे माणूस आला. आल्यावर मात्र त्याने पुन्हा प्रत्येक चौकट ठोकून पाहिली.

जूनच्या पहिल्या जोरदार सरीनंतर संध्याकाळी बागेतल्या दिव्याभोवती पंखांच्या वाळवीचे थवे जमले, तेव्हा घरात चिंता पसरली होती. पण हे थवे आसपासच्या कोणत्याही वारुळातून येतात आणि दिव्याकडे ओढले जातात. काळजीचे लक्षण म्हणजे घराच्या आतच भिंतीच्या फटीतून किंवा चौकटीतून त्या बाहेर पडणे. तसे काही घडले नाही, नवी नळी कुठे चढली नाही, आणि नवीन बसवलेल्या चौकटीचा आवाज अजून भरीव आहे.

हमीपत्र पाच वर्षांचे आहे. ते बारकाईने वाचल्यावर समजते की पुन्हा वाळवी आल्यास उपचार मोफत होईल, लाकडाची भरपाई मिळणार नाही, आणि फरशी बदलली किंवा जोत्यालगतची माती खणली तर हमी संपते. ही अट मला अन्यायाची वाटत नाही, कारण औषध मुरलेली माती उकरली गेली की तिथे वाळवीला खरोखरच वाट मिळते. आमच्या गल्लीत गॅसच्या पाइपसाठी बंगल्याबंगल्यात खणले जात आहे, तेव्हा तेवढ्या भागाचा उपचार नव्याने करून घेण्याची तजवीज रहिवाशांनी आधीच करावी. खर्च सर्वांत स्वस्त अंदाजपत्रकाच्या सुमारे दीडपट झाला, वर १८ टक्के जीएसटी. बदलाव्या लागलेल्या एका सागवानी चौकटीची किंमत पाहता तो मला योग्य वाटतो.

ही सेवा सर्वांना सारखीच उपयोगी पडेल असे नाही. तळमजल्याच्या घरांसाठी, बंगल्यांसाठी आणि रो-हाउससाठी मी ती निःसंकोच सुचवीन. कसबा किंवा सदाशिव पेठेतील जुन्या वाड्यांत लाकडी खांब मातीच्या भिंतींत गाडलेले असतात आणि वर कडीपाट असतो, तिथे स्कर्टिंगची छिद्रे पुरणार नाहीत. खांब नि खांब स्वतंत्र तपासणारा जाणकार हवा. वरच्या मजल्यांवरील सदनिकांत वाळवी बहुधा पाइपांच्या डक्टमधून चढते, त्यामुळे एकट्या सदनिकेचा उपचार करून भागत नाही, तळमजला आणि डक्ट सोसायटीनेच घ्यावे लागतात. ज्यांच्या सोसायटीचा पुनर्विकास होऊ घातला आहे त्यांनी तर बांधकाम चालू असतानाच करायच्या उपचाराची, म्हणजे आयएस ६३१३, भाग २ ची अट करारनाम्यात घालून घ्यावी. जोत्याच्या भरावावर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण त्या वेळी विनासायास देता येते, आणि ते दिल्याची नोंद आपल्या वास्तुविशारदाच्या सहीने मागता येते.