विजयनगर कोर्टाजवळचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान, ४ स्टार, नाव विचारू नका

दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाही, का ते खाली वाचल्यावर कळेलच. सांगली-मिरज रोडवरून विजयनगरला कोर्टाकडं वळलात की झेरॉक्स-टायपिंगवाल्यांची रांगच आहे, त्यात एका काउंटरवर स्टीलच्या वाटीत ओला स्पंज आणि शेजारी लाकडी मुठीचं दाभण दिसेल, तेच दुकान. काका झेरॉक्स मारतात, काकू टायपिंग. दीड वर्ष झालं, महिन्यातनं तीनचारदा तरी मी तिथं असतोच.

माझा मावसभाऊ कोल्हापूरच्या कळंबा जेलात आहे, दरोड्याच्या केसमध्ये शिक्षा लागलीय. त्या रात्री तो नाइट शिफ्टला होता, हजेरीची नोंद आहे, पण ती पुढं आलीच नाही आणि ज्याच्या सहीनं पंचनामा उभा राहिला तो पंच त्याच ठाण्याच्या अजून दोन केसमध्ये पंच आहे, हे मला नकला काढून काढून कळलं. अपील हायकोर्टात आहे. आधी प्रत्येक वेळी मुंबई गाठायला लागायची, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हापासून सकाळची एसटी धरली की संध्याकाळी जेवायला घरी, एवढं एक बरं झालं.

आता कामाबद्दल. पंचनाम्याच्या नकला म्हणजे कार्बनची तिसरी चौथी प्रत असते, अक्षर उठतच नाही, बाकीच्या दुकानात मशीनवर टाकतात, काळंकुट्ट पान हातात देतात आणि पैसे घेतात. काका तेच पान तीनदा फिरवतात, शेड कमीजास्त करून, आणि खराब गेलेल्या पानाचे पैसे धरत नाहीत. मग लाल पेननं पान नंबर, स्पंजला बोट लावून परत सगळी मोजणी, दाभणानं भोक, टॅग ओवून गाठ. एकदा त्यांनीच मला थांबवलं, म्हणाले, "दादा, ४७ नंतर एकदम ४९ आलंय, वरनंच पान आलेलं नाही, परत नक्कल अर्ज टाका." टाकला. ४८ वर जप्तीची वेळ होती. आमच्या वकिलांच्या नजरेतनं सुटलं होतं ते झेरॉक्सवाल्यानं धरलं!

काकूंचं माहिती अधिकाराचं गणित पक्कं आहे. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एका विषयाचा असावा लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराला ३० दिवस. काकू पेन्सिलचं टोक शब्दाशब्दावर टेकवत मोजतात आणि माझ्या अर्जातला सगळा राग पहिल्यांदा काढून टाकतात. "हे तुमचं अन्याय बिन्याय वकिलाला सांगा, इथं तारीख लिहा, कुठला कागद पायजे ते लिहा." आणि टाइप केलेल्या अर्जाच्या कायम दोन प्रती, दुसरी पोच घ्यायला, न मागता. आवक-जावकच्या टेबलावर शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथनं हलायचं नाही हे मला या बाईंनी शिकवलं.

पोचेची किंमत मला कधी कळली ते सांगतो. भावासाठी मी अर्ज करायला लागलो आणि दोन महिन्यात नोटीस आली, ती जुन्या फौजदारी प्रक्रियेतल्या कलम १४९ ची, नव्या कायद्यात कलम १६८ झालीय, म्हणजे तुमच्याकडून दखलपात्र गुन्हा होण्याची शक्यता आहे वगैरे. मी काय करणार होतो, झेरॉक्स? मग एकदा फोन करून चौकशीला बोलावलं, लेखी काहीच नाही, सकाळी ११ ते संध्याकाळी ६ बाकड्यावर बसवलं, पाणीपण मागून घ्यायला लागलं, निघताना एकजण खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चॅप्टर केस बसली की नोकरीचं बघ बाबा." चॅप्टर केस म्हणजे गुन्हा व्हायच्या आधीच पोलीस करतात ती प्रतिबंधक कारवाई. ठाण्यात सीसीटीव्ही पाहिजे, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग कमीत कमी एक वर्ष तरी ठेवलं पाहिजे असा सुप्रीम कोर्टाचा २ डिसेंबर २०२० चा आदेश आहे. त्या दिवसाचं फुटेज मागितलं. उत्तर आलं, कॅमेरा नादुरुस्त. तेपण सही शिक्क्यासकट फाइलला लावलंय, काकू म्हणाल्या हेच कामाला येईल.

सांगलीकरांना ही भीती समजावून सांगायला नको. नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्याच गावच्या कोठडीतला पोरगा कागदावर "पळून गेला" होता आणि बॉडी आंबोलीला जाळलेली निघाली, पोलिसांवरच गुन्हा दाखल झाला, तपास सीआयडीकडं गेला. तेव्हापासून कोण "कागदावर आहे की" म्हणालं की मी दचकतो.

आणि नाशिकचं ते २००३ चं दरोडा-खुनाचं प्रकरण. भटक्या जमातीतली सहा माणसं, फाशीपर्यंत गेली, ५ मार्च २०१९ ला सुप्रीम कोर्टानं सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी ५ लाख द्यायला सांगितलं, तपास करणाऱ्यांवर कारवाईचं बघा असंही सांगितलं. त्यात साक्षीदार बाईनं आधी पोलिसांकडच्या फोटोंतनं भलतीच चार माणसं ओळखली होती, ती गोष्टच कोर्टापुढं आणली नव्हती. एवढ्यावर सोळा वर्षं गेली. मी हे काकांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "कितवं पान होतं?"

याच काउंटरवर मला एक हवालदार भेटले, आमच्या केसशी संबंध नाही, कुठले तेही सांगत नाही. त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की एका आरोपीची अटकेची वेळ स्टेशन डायरीत मागाहून चढवलीय. झालं, बदली मुख्यालयाला, मग कसुरी, म्हणजे कामात कसूर केल्याचा ठपका, मग वेतनवाढ रोखायची नोटीस, आणि त्याची उत्तरं टाइप करायला हा माणूस साध्या कपड्यात, हेल्मेट न काढता उभा. पोलीसच पोलिसांना घाबरून हेल्मेट घालून! जागल्यांना, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणाऱ्या कायद्यावर २०१४ ला राष्ट्रपतींची सही झालीय पण तो लागू करायची अधिसूचनाच नाही, त्यामुळं त्यांच्या हातात उरल्या काकूंनी टाइप केलेल्या दोन प्रती.

आता नाव का टाकत नाही ते. गणपतीच्या आधी साध्या ड्रेसमधला एकजण दुकानात आला, मी मागं बाकड्यावर पानं लावत बसलेलो, त्याला माहीत नव्हतं. "काय ओ काका, ते कळंब्याच्या केसवालं कोण येतंय, काय काय झेरॉक्स नेतंय?" काका मशीनचं झाकण न उचलता म्हणाले, "साहेब, दिवसाला शंभर माणसं येत्यात, मी तोंडं बघत नाही. लेखी द्या, लेखी उत्तर देतो. टायपिंग इथंच होईल, पानाला ४० रुपये." तो गेला. काका खुर्चीवर बसले तेव्हा हात थरथरत होते, काकूंनी न बोलता पंखा वाढवला.

एक स्टार कापला त्याची कारणं. फोनपे नाही, रोखच. दुपारी २ ते ३ शटर अर्धं खाली, तुमची तारीख असली तरी. झेरॉक्सला पानाला २ रुपये, शेजारी दीडमध्ये होतंय. आणि एकदा काकूंनी "अर्जदार"च्या जागी "जाबदार" म्हणजे समोरची पार्टी टाइप केलं, माझ्या अर्जात मीच माझ्या विरोधात, मी वाचलं म्हणून वाचलो, पान फुकट बदलून दिलं पण सॉरी काय म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद असतं. मोठं काम असेल तर सकाळी दहाच्या आत जा, मी मंगळवारी पेपरबुकाची, म्हणजे अपिलाच्या सगळ्या कागदांच्या गठ्ठ्याची, ४१२ पानं घेऊन जाणार आहे, त्या दिवशी नंबर लागणार नाही कुणाचा.