सहाची वायर दाखवली, अडीचची ओढली

आईचा गुडघा बदलला आणि बादलीवर वाकून आंघोळ करणं बंद झालं. खुर्चीवर बसून शॉवरखाली आंघोळ हवी, म्हणून मागच्या नोव्हेंबरात आम्ही ६ किलोवॅटचा इन्स्टंट हीटर घेतला. त्याला टाकी नसते, पाणी वाहता वाहता तापतं. आमचं घर जुळे सोलापुरात, बैठं. मीटर पुढच्या व्हरांड्यात आणि बाथरूम पार मागे, मधलं अंतर अठरा मीटर.

बाथरूमच्या फरशीचं काम ज्याच्याकडे होतं त्यालाच वायरिंगही दिलं. माझी पहिली चूक ही. त्याच्याकडे विद्युत ठेकेदाराचा परवाना आहे का, हे मी विचारलंच नाही. तो बोलायचा मात्र इतका बरोबर की संशयच येऊ नये.

"ताई, ६ हजार वॅटला २३० नं भागा. २६ अँपिअर झाले का नाही? तुमचा साधा ३ किलोवॅटचा गिझर १३ ओढतो, तो पॉवर प्लगवर चालतो. ह्याला प्लग चालत नाही बघा. मीटरपासून वेगळी लाइन, सहाची वायर, ३२ चा एमसीबी, बाहेर डबल पोल स्विच. चारची टाकली तर आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात गरम होती."

सहाची, चारची म्हणजे तारेचा छेद तितके चौरस मिलिमीटर. एमसीबी म्हणजे ठरलेल्या अँपिअरच्या वर वीज गेली की आपोआप पडणारा स्विच, आणि डबल पोल म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा. यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. पुढे दुसऱ्या माणसानेही मला अगदी हेच सांगितलं. म्हणजे काय करायला हवं ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने नामांकित कंपनीचं सीलबंद खोकं आणलं, माझ्यासमोर फोडलं आणि ९० मीटरचं लाल कॉइल बाहेर काढलं. वायरीवर कंपनीचं नाव, आयएसआयची खूण, "६ स्क्वेअर एमएम" असं सगळं छापलेलं. "बघून घ्या ताई, नंतर म्हणू नका." मी बघून घेतलं. वायर कुठून जाणार तेही ठरलं होतं: व्हरांड्यातून पॅसेजच्या भिंतीत झिरी मारून, आतल्या आत, मध्ये कुठेही जोड नाही. वायरीचे ५,४०० रुपये त्याने आधी घेतले आणि एका चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी कशाला भरता?" मलाही ते बरंच वाटलं.

माझं शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे, सात मशिनी. तो दिवस तिकडेच गेला. संध्याकाळी परतले तर काम संपलेलं, प्लास्टर ओलं. स्विचची प्लेट अजून उघडी ठेवली होती, मुद्दाम. आत जाड लाल वायर. मीटर बोर्डातही तीच. मी दोन्हीकडचे फोटो काढले आणि उरलेले पैसे देऊन टाकले.

पहिल्याच आंघोळीला दोन-तीन मिनिटांत एमसीबी पडला, मग रोजच पडायला लागला. त्याला बोलावलं तर म्हणाला, "१६ चा आला की ओ चुकून," आणि बदलून दिला. आता पडायचा थांबला. नवा एमसीबी ४० चा होता हे मी वाचलं नाही. वाचलं असतं तरी तेव्हा काय कळणार होतं?

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. आईची आंघोळ चालू असताना हॉलमधली ट्यूब मंद व्हायची. पाणी कोमटच. आई एकदा म्हणाली, "नळाला हात लावला की मुंग्या येतात गं." मी वयावर ढकललं. हे वाक्य लिहिताना आजही पोटात गोळा येतो.

जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, पहाटे पॅसेजमध्ये जळक्या प्लास्टिकचा वास आला. मी मेन स्विच पाडला आणि आमच्या मशिनींची दुरुस्ती करणाऱ्या अण्णांना फोन केला. अण्णा तेलुगू, जुन्या यंत्रमागाच्या कारखान्यातले. आले, भिंतीवरून हात फिरवला आणि विचारलं, "झिरी कुठाय?"

प्लास्टर होतं, पण ते फक्त दोन्ही टोकांना दोन-दोन फूट. मधली वायर भिंतीत नव्हतीच. ती गच्चीवरून नेली होती, पांढऱ्या पातळ पाईपमधून, उघड्या उन्हात. झिरी मारायची मजुरी त्याने घेतली होती आणि कष्ट वाचवले होते. अण्णा म्हणाले, मे महिन्यात हा पाईप हात लावू देणार नाही, वायर आतल्या आत भाजेल.

गच्चीवर टाकीशेजारी एक जंक्शन बॉक्स होता, तोही टाकीचं पाणी वाहतं त्याच बाजूला. अण्णांनी झाकण काढलं. एका बाजूने आमची ती जाड लाल वायर आत येत होती, जेमतेम फूटभर. तिला काळ्या टेपने पीळ देऊन जोडलेली दुसरी वायर पुढे निघाली होती, तीही लाल पण निम्म्या जाडीची. टेप वितळून चिकटली होती. ती दुसरी वायर अडीचची, आणि वर छापलेलं काही नाही. अण्णांनी तिची एक तार काढून ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस रंग गेला आणि खाली पांढरंशुभ्र निघालं.

"तांब्याचं पाणी दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे," अण्णा म्हणाले.

म्हणजे फोडलेल्या खोक्यातून त्याने टोकांपुरते तुकडे कापले आणि बाकीचं कॉइल परत नेलं. मी काढलेले फोटो खरे होते. त्यातली वायरही खरी होती, दोन-दोन फूट.

मग अण्णांनी टेस्ट लॅम्पचं एक टोक फेजला आणि दुसरं हिरव्या वायरीला लावलं. दिवा लागला नाही. हीटरच्या बाजूला अर्थिंग नीट स्क्रूखाली होतं, गच्चीवरच्या बॉक्समध्ये मात्र तीच वायर कापून मोकळी सोडलेली. आईच्या मुंग्यांचं कारण तिथे लोंबत होतं.

एमसीबीबद्दल अण्णांनी जे सांगितलं ते मला कुणी आधी सांगायला हवं होतं. एमसीबी हीटरला वाचवत नाही, वायरीला वाचवतो. वायर किती पेलते त्यावरून त्याचा आकडा ठरतो. तो पडत होता तेव्हा आपलं कामच करत होता. तो काढून ४० चा बसवला म्हणजे राखणदाराला झोपवलं. त्या बारीक वायरीतून २६ अँपिअर जाताना वाटेत सुमारे ३०० वॅटची उष्णता होत होती. खऱ्या सहाच्या तांब्यात तेवढ्याच अंतरावर ती ८० वॅटच्या आसपास असते. वरून ऊन आणि मध्ये सैल जोड.

त्याला फोन केला. आधी "येतो की ताई," मग "सोलापूरबाहेर आहे," मग फोन बंद. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलले. त्यांनी पहिला प्रश्न बिलाचा विचारला. माझ्याकडे चिठ्ठी, तीही सहीशिवाय. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही, हे खरं आहे. पण त्या चिठ्ठीवर काय सिद्ध करणार? जीएसटी वाचवला त्याची ही किंमत.

नवं काम अण्णांच्या ओळखीच्या परवानाधारक माणसाने केलं. वायर मी स्वतः जाऊन पक्क्या बिलावर आणली. वेष्टनावरचा सीएम/एल नंबर, म्हणजे आयएसआय खुणेच्या परवान्याचा नंबर, बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपमध्ये दुकानातच तपासला. घरी येऊन चिंध्या विकायच्या काट्यावर कॉइल ठेवलं. सहाच्या ९० मीटरमध्ये नुसतं तांबंच पावणेपाच किलोच्या वर असतं, त्यात प्लास्टिकचं वजन वेगळं. काटा सहा किलोच्या आसपास थांबला. अ‍ॅल्युमिनियम त्यातल्या तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही भरत नाही. दुकानदार हसला असता, पण घरी हसायला कोण होतं?

झिरी मारली, पाईप टाकला, वायर अखंड ओढली, आणि प्लास्टर होईपर्यंत मी युनिटला सुट्टी दिली. ३२ चा डबल पोल एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच, बसवला. आरसीसीबी जोडण्याआधी अर्थिंग तपासलं, टेस्ट लॅम्प या वेळी लखकन लागला. वीजबिलावर "मंजूर भार" म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो आमचा २ किलोवॅट होता. तो वाढवायचा अर्जही तेव्हाच केला. पहिल्या माणसाने हा विषय काढलाच नव्हता.

गेल्या आठवड्यात त्याची मोटारसायकल आमच्या मागच्या गल्लीत दिसली. बांधकाम चालू असलेलं घर, दारात तेच नामांकित कंपनीचं फोडलेलं खोकं. मी त्या घरच्या वहिनींना हाक मारली आणि विचारलं, गच्चीवर जंक्शन बॉक्स बसवलाय का? त्या म्हणाल्या, हो, काल संध्याकाळीच. मी घरी जाऊन स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले.