केअर होमची फी परत मिळवून देणारी ‘नो विन नो फी’ कंपनी: अडीच स्टार

(‘नो विन नो फी’ म्हणजे दावा जिंकला तरच आपले पैसे घेणारी.) कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांच्या करारातली बारीक अक्षरं एकदा भोगून झालीत, आता परत नको. पण इंग्लंडमध्ये ज्यांचे आईवडील केअर होममध्ये आहेत किंवा होते त्या सगळ्यांना फोनवर त्याच जाहिराती दिसतात, ‘तुम्ही भरलेली फी परत मिळू शकते’, आणि मीही तशाच एका जाहिरातीवर रात्री साडेअकराला बोट ठेवलं होतं, म्हणून लिहितेय.

आई ऑगस्ट २०२१ मध्ये हॉस्पिटलमधून सरळ नर्सिंग होममध्ये गेली. (इथलं नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं बाळंतपणाचं नव्हे, चोवीस तास नर्स असलेलं म्हाताऱ्या माणसांचं केअर होम.) डिमेन्शिया होताच, त्यात पडून खुबा मोडला. डिस्चार्जच्या वेळी पहिला प्रश्न काय तर घर कोणाच्या नावावर आहे? आईच्या. बँकेत किती? २३,२५० पौंडांच्या वर असेल तर कौन्सिल (इथली नगरपालिका) हात वर करतं, आणि त्या घरात नवरा-बायकोपैकी दुसरं कोणी राहत नसेल तर घराची किंमतही त्यात धरतात. झालं, विषय संपला. बाबांनी ओव्हरटाइम करकरून घेतलेलं घर विकलं. होमची फी आठवड्याला साधारण १,२५० पौंड, त्यातला नर्सिंगचा भाग म्हणून एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) थेट होमला देत होतं ते दोनशेच्या आसपास (२०२२-२३ ला २०९.१९ होते), उरलेले हजार-चाळीस आमचे. मार्च २०२३ मध्ये आई गेली तोपर्यंत ८२ आठवडे झाले होते, म्हणजे साधारण ८५ हजार पौंड.

आम्हाला कोणी सांगितलंच नाही ते हे, की घराचा प्रश्न विचारायच्या आधी एक दुसरा प्रश्न असतो. माणसाची मुख्य गरज आजारपणाची असेल, इथल्या भाषेत ‘प्रायमरी हेल्थ नीड’, तर सगळा खर्च एनएचएसने करायचा असतो, होमचं राहणं-खाणं धरून, आणि त्यात बँकेतले पैसे बघतच नाहीत. माणूस करोडपती असला तरी. याला कंटिन्युइंग हेल्थकेअर म्हणतात, सीएचसी. आणि लक्षात घ्या, आजाराचं नाव बघून हे मिळत नाही, नुसतं ‘डिमेन्शिया आहे’ म्हणून काही उपयोग नाही, गरजा किती आणि कशा ते बघतात. आधी एक चेकलिस्ट भरतात, त्यात पास झालं की मोठं असेसमेंट, बारा विषय, श्वास, खाणं, त्वचा, चालणं-फिरणं, समज, वागणूक वगैरे, गरज किती तीव्र त्याप्रमाणे प्रत्येकाला लेव्हल. एक ‘प्रायॉरिटी’ (सगळ्यात वरची लेव्हल) किंवा दोन ‘सिव्हिअर’ (तिच्या खालची) आले तर पात्र ठरायलाच हवं असं धरतात, नाहीतर गरजांचा प्रकार, तीव्रता, गुंतागुंत आणि बेभरवसा या चार गोष्टी तोलून ठरवतात. आईची चेकलिस्टच कोणी भरली नव्हती. असं असेसमेंट न झालेल्या काळासाठी मागाहून दावा करता येतो, माणूस गेल्यावरसुद्धा, फक्त तो काळ १ एप्रिल २०१२ नंतरचा पाहिजे.

हे सगळं मला कंपनीच्या पहिल्या फोनवर कळलं, आणि ते त्यांनी छान समजावून सांगितलं हे मान्य. बोलायला सगळे गोड. त्यांच्याकडे एक नर्सबाई होत्या, बरीच वर्षं वॉर्डात काम केलेल्या असाव्यात, त्यांनी आईबद्दल दोनदा तासतासभर विचारलं आणि मध्येच थांबून ‘तू कशी आहेस’ पण विचारलं, त्या दिवसांत तसं फार कोणी विचारत नव्हतं. कागदपत्रंही त्यांनीच गोळा केली, जीपी (फॅमिली डॉक्टर), हॉस्पिटल, केअर होम, सगळं मिळून १,४०० च्या वर पानं, स्कॅन करून तारखेप्रमाणे लावून दिली. मी एकटीने केलं असतं तर वर्ष गेलं असतं. यासाठी दीड स्टार आनंदाने.

पुढे मात्र गाडी रुळावरून घसरली.

सरकारी बाजूने एक मोठा गोषवारा तयार होतो, नीड्स पोर्ट्रेयल म्हणतात, नोंदींवरून आईच्या गरजांचा महिनावार आढावा. तो आपल्याकडे येतो आणि त्यावर आपलं म्हणणं द्यायचं असतं. माझ्या मते सगळ्या केसचा जीव यात आहे. कंपनीने त्यावर काय लिहून पाठवायला आणलं? साडेतीन पानं, त्यातली दोन १९९९ च्या कॉक्लन निकालावर. निकाल महत्त्वाचा आहे, नाही म्हणत नाही, राहण्याच्या सोयीला जोडून येणारं किरकोळ नर्सिंग तेवढं कौन्सिलच्या गळ्यात घालता येतं, त्याच्या पलीकडचं एनएचएसचं, हे त्यातच ठरलं. पण आईबद्दल जेमतेम एक पान, आणि त्यात एका ठिकाणी ‘मिस्टर’ आणि ‘त्यांच्या पत्नीने सांगितल्याप्रमाणे’!! म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी पत्र उघडून वरचं नाव बदललेलं. मी फोन केला तर म्हणे ड्राफ्ट आहे. मी म्हटलं ड्राफ्ट आहे म्हणूनच फोन केलाय, पाठवल्यावर करून काय उपयोग.

मग मी स्वतः बसले. डायनिंग टेबलवर तीन शनिवार-रविवार, केअर होमच्या रोजच्या नोंदी घेऊन. त्या नोंदी कोणी वाचल्या असतील तर माहीत असेल, ‘सेटल्ड’, ‘स्लेप्ट वेल’, ‘ऑल केअर गिव्हन’, पानंच्या पानं. आणि मधूनमधून ‘व्होकल’ किंवा ‘सिंगिंग इन हर ओन लँग्वेज’. गाणं? आईने आयुष्यात आरती सोडून काही म्हटलं नाही. शेवटच्या वर्षात तिचं इंग्लिश पार गेलं होतं, चाळीसएक वर्षं इथे नोकरी केलेली बाई, पण फक्त मराठी उरलं, तेही लहानपणचं. मी जुने व्हिडिओ काढले, दादाला नागपूरला दाखवायला म्हणून मी भेटीला गेले की फोनवर थोडं थोडं शूट करायचे. एका नोंदीत सकाळी ‘सिंगिंग’ लिहिलंय त्याच दिवशी दुपारचा माझा व्हिडिओ आहे. मी आतही गेले नव्हते, दारातूनच शूट केलेला, चेहरा दिसत नाही. दोन केअरर तिला कुशीवर वळवतायत आणि आई एका सुरात ओरडतेय, ‘सोड, सोड मेल्या, हात सोड, अगं आई गं, मारतायत गं मला’. लांबून ऐकलं आणि भाषा येत नसली तर गाणंच वाटेल, खरंच, चालीत होतं ते. केअररचा दोष नाही, बिचाऱ्या चांगल्या होत्या, त्यातली एक तिला ‘आई’ म्हणायची. पण कागदावर वागणूक या विषयात लेव्हल पडली ‘मॉडरेट’ म्हणजे मध्यम, कारण बाई गातायत.

कंपनीच्या माणसाला हे सांगितलं तर म्हणाला व्हिडिओ वगैरे निर्णय देणारं पॅनेल बघत नाही, नको. मी ऐकलं नाही. असे नऊ प्रसंग काढले, प्रत्येकाची तारीख, होमच्या नोंदीत काय लिहिलंय, आई खरं काय बोलत होती, त्याचं इंग्लिश, आणि त्याच दिवशी पुढे मागे काय झालं (तीनदा केअररला बोचकारल्याची अपघाताची नोंद निघाली, औषध थुंकल्याच्या तर किती). दुसरा मुद्दा औषधांचा. जून २०२२ पासून शांत राहायला तिला औषध वाढवलं, मग नोंदींमध्ये ती जरा निवांत दिसते. पण नियमात स्पष्ट आहे की नीट सांभाळलेली गरज म्हणजे संपलेली गरज नव्हे. ती शांत होती कारण दोन माणसं आणि एक नर्स रोज ते करत होती, काढून घ्या आणि बघा काय होतं. हे वाक्य मी जवळजवळ याच शब्दांत लिहिलं आणि कंपनीने निमूटपणे आपल्या लेटरहेडवर चिकटवून पाठवलं.

नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला. समज ‘सिव्हिअर’ होतीच, वागणूकही ‘सिव्हिअर’ केली, पण जून २०२२ पासून. म्हणजे शेवटचे ४० आठवडे पात्र, आधीचे ४२ नाही. फेब्रुवारीत पैसे आले, व्याज धरून ४३ हजार पौंडांच्या आसपास (व्याज आरपीआयच्या म्हणजे महागाईच्या दराने लावतात, बँकेसारखं काही डोक्यात ठेवू नका). त्यातून कंपनीचे २५ टक्के. आणि त्यावर २० टक्के व्हॅट. म्हणजे खरे ३० टक्के, १२,९०० पौंड, व्याजातूनसुद्धा कापले. जाहिरातीत ‘२५’ केवढ्या अक्षरात आणि ‘अधिक व्हॅट’ केवढ्या, चष्मा लावून बघा. मध्येच सोडायचं म्हटलं तर तासाप्रमाणे बिल लागणार होतं, म्हणून ‘मिस्टर’ प्रकरणानंतरही गप्प बसले.

राग पैशांपेक्षा याचा येतो की हे सगळं वकील किंवा कंपनीशिवाय आपलं आपणही करता येतं. आपल्या भागातल्या आयसीबीला (एनएचएसचं स्थानिक ऑफिस, जुलै २०२२ पूर्वी सीसीजी होतं) स्वतः पत्र लिहून मागच्या काळाचं असेसमेंट मागता येतं, फी लागत नाही. आपण एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे व्यवहार बघणारे) आहोत याचा पुरावा लागतो म्हणजे प्रोबेट, मृत्युपत्रावरची कोर्टाची मंजुरी, आणि फी भरल्याच्या पावत्या, बँक स्टेटमेंट. ती जपून ठेवा, आमच्याकडे सुरुवातीच्या चार महिन्यांच्या पावत्या नव्हत्या, नशीब ते महिने तसेही गेले. बीकन नावाची संस्था सीएचसीबद्दल ९० मिनिटांपर्यंत फुकट सल्ला देते हे मला सगळं झाल्यावर वहिनीच्या मैत्रिणीकडून कळलं, तेव्हा मी डोक्याला हात लावला. बाकी हे सगळं इंग्लंडपुरतं, वेल्स-स्कॉटलंडचे नियम वेगळे.

आणि ज्यांचे आईवडील अजून आहेत त्यांनी असल्या कंपनीच्या नादी लागायच्या आधी आज चेकलिस्ट मागावी, लेखी मागावी. चेकलिस्ट पोचल्यापासून २८ दिवसांत निर्णय द्यायचा असतो, त्यांच्याकडून उगाच उशीर झाला आणि पुढे पात्र ठरलं तर २९ व्या दिवसापासूनचे पैसे परत मिळतात. अगदी शेवटचं आजारपण असेल तर फास्ट ट्रॅक वेगळा आहे, त्यात हा मोठा खटाटोप नाही.

मग घ्यावी का अशी कंपनी? हातात अजिबात वेळ नसेल, कागद बघूनच छाती दडपत असेल तर घ्या, पण टक्का व्याजावर लागतो का, व्हॅट आत की बाहेर, मध्येच सोडलं तर काय, आणि म्हणणं लिहिणार कोण, त्या नर्सबाई की मिस्टरवाले, हे विचारून. रोजच्या नोंदी वाचायचं काम मात्र तुमच्याशिवाय कोणी करणार नाही, त्यांना आईचं गाणं कसं कळणार.

निकाल न पटल्यास सहा महिन्यांत फेरविचार मागता येतो. आधीच्या ४२ आठवड्यांसाठी कंपनीने ईमेल केली की यात दम नाही, आम्ही पुढे लढणार नाही, फाइल बंद. मी करार काढून परत वाचला, या वेळी चष्मा लावून. त्यांनी लेखी माघार घेतली तर पुढच्या पैशात त्यांचा वाटा नाही असं चौदाव्या कलमात आहे. एप्रिलमध्ये मीच अर्ज टाकला, आणखी सहा व्हिडिओंसकट, आणि कंपनीची ती ईमेल तीन ठिकाणी सेव्ह करून ठेवलीय.