थॉमसन-कोडॅक घ्यावा की टीसीएल? नावामागं कोण उभं आहे ते बघून सांगतो

43 इंची टीव्ही घ्यायचा ठरलाय, बजेटपण ठरलंय, 4के आणि गूगल टीव्ही आता सगळ्यातच येतंय त्यामुळं त्यावर मी वेळ घालवत नाही. गाडं अडतंय ते पुढं. एका बाजूला थॉमसन, कोडॅक, ब्लाउपुंक्ट अशी ऐकलेली वजनदार नावं, तीपण स्वस्तात, आणि दुसऱ्या बाजूला टीसीएल, ज्याचं नाव काढलं की घरातनं पहिला प्रश्न येतो, "ही आणि कुठली कंपनी?" मी दोन्ही प्रकार घरात वापरलेत, त्यामुळं मला काय वाटतं ते सांगतो, पटलं तर घ्या.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात उभा होतो तेव्हा शेजारी एक काका मुलाला समजावत होते, "कोडॅक घे, फोटोची कंपनी आहे, अमेरिकन माल, त्या चायनीजच्या नादाला लागू नको." सेल्समन गप्प, बरोबर आहे, त्याला कशाला पडलंय. आता कोडॅक कंपनी अमेरिकेतल्या रॉचेस्टरची हे खरंच, पण जानेवारी 2012 मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला, पुढच्या वर्षी त्यातनं बाहेर आली, आणि आपल्याकडं मिळणारा कोडॅक टीव्ही काही तिथं बनत नाही. तो नोएडाची सुपर प्लॅस्ट्रॉनिक्स नावाची कंपनी कोडॅककडनं नाव वापरायचा परवाना घेऊन विकते. हीच कंपनी थॉमसन विकते. हीच ब्लाउपुंक्टचे टीव्ही विकते, आणि व्हाईट-वेस्टिंगहाऊसपण. म्हणजे तुम्ही रात्री उशिरापर्यंत कोडॅक भारी का थॉमसन भारी असले व्हिडिओ बघत बसलाय, तो सामना सगळा एकाच घरात चाललाय.

यात लपवाछपवी काही नाही बरं का, बॉक्सच्या कडेला बारीक अक्षरात सगळं छापलेलं असतं, आणि कंपनीचे लोकपण उघड सांगतात. वाचत कोण नाही एवढंच.

आता काहीजण म्हणतील की अरे, आजकाल कोण स्वतः बनवतंय? बरोबर आहे. डिक्सन नावाची कंपनी तिरुपतीला एकाच आवारात कितीतरी ब्रँडचे टीव्ही जोडून देते. पॅनेल, म्हणजे टीव्हीची स्क्रीन, तर बहुतेक चीनमधल्या मोजक्या कारखान्यांतनं येतं, मग पुढं कुणाचंही नाव लागू दे. पण कोल्हापूरच्या माणसाला हे समजावायची गरज नाही, शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ओतलेलं कास्टिंग कुणाच्या नावानं गाडीत बसतंय ते आपल्याला ठाऊक आहे. फरक इथं आहे की कास्टिंगला बारीक छिद्र निघालं तर गाडीवाली कंपनी अख्खा लॉट परत पाठवते, कारण उद्या गिऱ्हाईक तिच्या दारात येणार असतंय. ड्रॉइंग तिचं, तपासणी तिची, बदनामीपण तिचीच. परवान्याच्या धंद्यात बरोबर उलटं होतं. नावाचा मालक लांब बसून ठरलेली रॉयल्टी घेतो. मालाचं डिझाइन, पार्ट, सर्व्हिस, हे सगळं परवाना घेणाऱ्याच्या गळ्यात. आणि परवान्याला मुदत असते. ही मुदत म्हणजे माझ्या मते या सगळ्यातली खरी गोम, पण दुकानात त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

नावं कशी फिरतात बघा. फिलिप्सनं 2010 मध्ये भारतातल्या टीव्हीसाठी आपलं नाव व्हिडिओकॉनला वापरायला दिलं. पुढं व्हिडिओकॉनच दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. युरोपात आणि बाकी बऱ्याच देशांत फिलिप्स टीव्ही 2012 पासून टीपी व्हिजन बनवते, म्हणजे मूळ तैवानच्या टीपीव्हीचं घर. तोशिबाचा टीव्ही धंदा 2018 मध्ये चीनच्या हायसेन्सकडं गेला, तोपण 40 वर्षं नाव वापरायच्या हक्कासकट. नोकिया तर काय, फोन एचएमडी नावाच्या दुसऱ्याच कंपनीचे, आणि 2019 च्या डिसेंबरात त्याच नावाचे टीव्ही फ्लिपकार्टवर आले. सान्सुई, अकाई ही नावं आपल्या घराघरात होती, त्यांनी किती हात बदलले याचा हिशोब लावायला बसलं की डोकं दुखतंय.

आता माझा किस्सा. ज्या टीव्हीनं मला छळलं तो असाच परवान्याच्या नावाचा होता, वर लिहिलेल्यांपैकी नाही, त्यामुळं उगाच अंदाज बांधू नका. चित्र चांगलं होतं, आवाज दणदणीत, किमतीच्या मानानं तक्रारीला जागाच नव्हती. मग एका संध्याकाळी आवाज येतोय आणि स्क्रीन काळी. टॉर्च मारून बघितलं तर आत चित्र हलताना अंधुक दिसत होतं, म्हणजे पॅनेल शाबूत, बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचे एलईडी दिवे, तेवढे गेलेले. किरकोळ काम. वॉरंटी नुकतीच संपलेली, पैसे देऊन करायची तयारी होती. पण करणार कोण? कार्डावरचा नंबर बंद. ब्रँडच्या वेबसाइटवर नवीन नंबर मिळाला तिथं लावला, तर ती मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "सर, हा मॉडेल नंबर आमच्या सिस्टीमला दाखवत नाही." मी म्हटलं अहो नाव तुमचंच आहे टीव्हीवर. तर म्हणे हो सर, पण तो आधीच्या पार्टनरचा माल आहे, आमची जबाबदारी आम्ही विकलेल्या मॉडेलपासून सुरू होते. कायद्यानं तिचं चुकलं असंपण मला म्हणवत नाही. आधीच्या पार्टनरनं तोवर टीव्हीचा धंदाच गुंडाळला होता. टीव्हीवर मोठ्या अक्षरात नाव आहे, ते नाव बाजारात जोरात चाललंय, त्याचे नवीन मॉडेल सेलमध्ये झळकताहेत, आणि आपल्या टीव्हीला मात्र या जगात कुणी वारस नाही, याचा संताप काय असतो ते भोगल्याशिवाय कळत नाही.

शेवटी लक्ष्मीपुरीतल्या एका मेस्त्रीकडं नेला. त्याला मी कौतुकानं ब्रँडचं नाव सांगायला लागलो तर तो म्हणाला, "भावा, नाव राहू दे, उघडून बोर्डाचा नंबर बघू." मागचं कव्हर काढलं, आतल्या बोर्डावर ब्रँडचा मागमूस नाही, नुसता चिनी बोर्डाचा नंबर. त्यानं कोपऱ्यातनं दुसऱ्याच नावाचा मोडका टीव्ही ओढला, त्यातपण हुबेहूब तोच बोर्ड. एलईडीच्या पट्ट्या मात्र मापाच्या मिळेनात, त्यानं दुसऱ्या मॉडेलच्या कापून बसवल्या, टीव्ही चालू झाला, पण एका कोपऱ्यात कायमचा पिवळसर डाग राहिला. तो टीव्ही आता गावाकडं आहे, तिथं चालतोय अजून.

म्हणून पुढचा घेताना मी टीसीएलकडं झुकलो. ही चीनमधल्या हुइझोऊची कंपनी, 1981 पासूनची, आणि टीव्ही स्वतःच्याच नावानं विकते. पॅनेल बनवणारी सीएसओटीपण तिच्याच गोतावळ्यातली. आणि गंमत बघा, ज्या थॉमसनशी आपण तुलना करतोय त्या फ्रेंच थॉमसननं 2004 मध्ये आपला टीव्हीचा धंदा याच टीसीएलबरोबरच्या भागीदारीत घातला होता. मूळ फ्रेंच कंपनीनं पुढं 2010 मध्ये स्वतःचं नावच बदलून टेक्निकलर करून टाकलं. म्हणजे दुकानातल्या काकांना जे युरोपियन वाटतंय त्याच्या इतिहासात चायनीज पान आधीच आहे. टीसीएल काही धुतल्या तांदळाची नाही, परवान्याचा खेळ तीपण खेळलीय. ब्लॅकबेरीचे फोन काही वर्षं तीच बनवत होती, आणि 31 ऑगस्ट 2020 ला करार संपला तशी तिनं विक्री थांबवली. पण तिच्या स्वतःच्या टीव्हीवर तिचंच नाव असतंय, ते नाव उद्या तिला कुणी परत मागू शकत नाही.

वापरात म्हणाल तर फरक मला फार जाणवला नाही, खरं सांगतो. मॅचला दोन्हीकडं सारखीच मजा आली, होम स्क्रीनवरच्या जाहिराती हा सगळ्याच गूगल टीव्हीचा रोग, आवाजात तर माझा जुना टीव्ही कदाचित थोडा पुढंच होता. टीसीएलला पैसे थोडे जास्त गेले, आणि सेलच्या दिवसात हा फरक आणखी वाढतो. सर्व्हिसची गरज एकदाच लागली, रिमोट पेअर होईना म्हणून, फोनवरच काम झालं. एवढ्यावरनं सर्टिफिकेट देत नाही, पण सिरीयल नंबर सांगितल्यावर समोरच्यानं मॉडेल ओळखलं त्याचंच मला अप्रूप वाटलं.

तुम्ही काय करावं? बेडरूमला दुसरा टीव्ही हवाय, पोरगं शिकायला बाहेर राहतंय त्याच्या रूमवर पाहिजे, नाहीतर भाड्यानं द्यायच्या फ्लॅटमध्ये लावायचाय, तर थॉमसन, कोडॅक बिनधास्त घ्या, त्या पैशात तेवढं दुसरीकडं मिळणार नाही, आणि सध्या त्यामागं एक चालती कंपनी आहे. हॉलमध्ये सात-आठ वर्षं राहणार असेल तर मी आपलं टीसीएल म्हणेन. नाहीतर बजेट ताणून एलजी, त्यांचा कारखाना रांजणगावलाच आहे.

आणि कुठलापण घ्या, बिल करायच्या आधी डेमो पीस फिरवायला लावा आणि मागचा स्टिकर वाचा. त्यावर बीआयएसच्या, म्हणजे मालाचा दर्जा ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, खुणेजवळ 'आर' आणि पुढं आठ आकडी नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की नोंदणी कुठल्या कारखान्याच्या नावावर आहे ते पत्त्यासकट येतं. बॉक्सवर 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' आणि 'मार्केटेड बाय' पुढं कुणाची नावं आहेत तेपण बघा, आणि वॉरंटी कार्डावर सही-शिक्का त्यातल्या नक्की कुणाचा आहे ते विचारा. सेल्समनला सांगता आलं नाही तर मॅनेजरला बोलवा. ऑनलाइन घेत असाल तर प्रॉडक्टच्या पानावर अगदी खाली निर्मात्याचं नाव दिलेलं असतं, त्याचा स्क्रीनशॉट बिलाबरोबर ठेवा, कारण पुढं कधी भांडायची वेळ आलीच तर ते त्या कंपनीशी असणार आहे.